रविवारी काय वाचायचं? नव्या कराराची यादी कशी ठरली

व्हॉट्सअ‍ॅपवर एक फॉरवर्ड अधूनमधून फिरत असतो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वाचला असेल. ३२५ साली म्हणे रोमन सम्राट कॉन्स्टंटाइननं सगळ्या बिशपांना नायसिया गावात बोलावलं, समोर पुस्तकांचा ढीग मांडला, मतदान घेतलं, निवडून आली त्यांचं बायबल झालं आणि पडली ती जाळून टाकली. गोष्ट फक्कड आहे, राजा आहे, कट आहे, जाळपोळ आहे, अजून काय पाहिजे. फक्त तसं काही झालेलं नाही.

नायसियाची परिषद झाली हे खरं आणि कॉन्स्टंटाइन स्वतः तिथे येऊन बसला हेही खरं. ते गाव आज तुर्कस्तानात आहे, इझनिक म्हणतात त्याला. पण भांडण होतं अलेक्झांड्रियाच्या एरियस नावाच्या धर्मगुरूवरून, की पुत्र हा पित्याच्या बरोबरीचा की पित्यानं निर्माण केलेला, आणि दुसरी मोठी भानगड म्हणजे ईस्टर कोणत्या रविवारी करायचा. त्या परिषदेचे २० नियम आजही वाचायला मिळतात, बिशपची नेमणूक कशी करायची ते आहे, धर्मगुरूंनी व्याजबट्टा करू नये असं आहे, रविवारी गुडघे न टेकता उभं राहून प्रार्थना करावी एवढा बारकावासुद्धा आहे, आणि पुस्तकांची यादी? नाही. मतदानाच्या गोष्टीचं मूळ पार नवव्या शतकातल्या एका ग्रीक ग्रंथात सापडतं, त्यात बिशपांनी सगळी पुस्तकं वेदीपाशी ठेवून प्रार्थना केली आणि देवानं खरी वर काढली, खोटी तळाला घातली असा चमत्कार सांगितलाय. पुढे फ्रान्समध्ये व्होल्तेरनं त्याची यथेच्छ टिंगल केली आणि टिंगलीतून ती गोष्ट जगभर गेली, आता आपल्या मोबाइलवर.

तर मग ठरवलं कोणी? माझं उत्तर तुम्हाला थोडं निराश करेल. बसून कोणीच ठरवलं नाही. रविवारी लोक जमायचे तेव्हा मोठ्यानं काय वाचायचं हा एक अगदी रोजच्या व्यवहारातला प्रश्न होता, तो गावोगाव तीन-साडेतीनशे वर्षं वेगवेगळ्या पद्धतीनं सुटत गेला, आणि याद्या आल्या त्या बऱ्याच उशिरा. ज्याची सवय आधीच पडली होती तेच त्यांच्यात बहुतेक करून लिहिलेलं आहे, वाद राहिला तो कडेच्या पाच-सात पुस्तकांचा.

सुरुवात कशी होती ते आधी बघू. येशूनं स्वतः एक ओळ लिहून ठेवलेली नाही. पहिल्या पिढीतल्या ख्रिस्ती लोकांचं 'शास्त्र' म्हणजे यहुद्यांचे जुने ग्रंथ, तेही बहुतेक ठिकाणी ग्रीक भाषांतरात. नव्या करारात, म्हणजे बायबलच्या ख्रिस्ती भागात, सगळ्यात आधी लिहिलं गेलं ते शुभवर्तमान, म्हणजे येशूची चरित्रकथा, नव्हे, तर पौल या सुरुवातीच्या प्रचारकाची पत्रं, साधारण ५० साल ते ६० सालच्या आसपासची. आणि ती खरोखर पत्रंच आहेत हो, टपाल. करिंथमध्ये तुमच्यात गट पडलेत म्हणे, अमक्याचा निरोप सांगा, यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी बाजूला काढत जा, असला मजकूर. फिलेमोनाला लिहिलेलं पत्र तर पळून आलेल्या एका गुलामाला परत सांभाळून घे एवढ्यासाठीच आहे. आपण शास्त्र लिहितोय असं पौलाच्या डोक्यात असेल असं मला तरी वाटत नाही.

पण कलस्सैकरांच्या पत्रात शेवटाकडे एक वाक्य आहे ते नीट बघा. हे पत्र तुमच्यात वाचून झालं की लावदिकियाच्या मंडळीतही वाचायला लावा आणि लावदिकियाहून येईल ते तुम्ही वाचा, असं त्यात सांगितलंय. म्हणजे पत्रांची अदलाबदल सुरू झाली, प्रती निघायला लागल्या, आणि ज्याची प्रत निघाली ते टिकलं. ते लावदिकियाचं पत्र आज नाही. करिंथकरांच्या पहिल्या पत्रात पौल म्हणतो की मी तुम्हाला आधी एक पत्र लिहिलं होतं, तेही नाही. कोणी बंदी घातली नाही, कोणी जाळलं नाही, हरवलं. बायबलमधून काय 'लपवलं' असं मला विचारतात तेव्हा मी म्हणतो की आधी काय हरवलं ते विचारा, ती यादी जास्त मोठी असणार.

शुभवर्तमानं त्यानंतरची, साधारण ७० ते १०० या काळातली असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्यांच्या मजकुरात लेखकानं आपलं नाव सांगितलेलं नाही, मत्तय, मार्क, लूक, योहान हे मथळे मागाहून चिकटले. आणि गंमत म्हणजे पुस्तकांवर लोकांचा फार विश्वासही नव्हता. हिएरापोलिसचा पापियास नावाचा बिशप दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला लिहितो की मला पुस्तकातून मिळतं त्यापेक्षा जिवंत माणसाच्या तोंडून ऐकलेलं जास्त उपयोगाचं वाटतं, कोणी म्हातारा माणूस आला की मी विचारतो, पेत्र काय म्हणाला, योहान काय म्हणाला. ज्यांनी पाहिलं ऐकलं ते आणि त्यांना ऐकणारे जिवंत होते तोवर हे ठीक होतं. ती माणसं संपली तसा कागदाला भाव आला.

कागद म्हणजे पपायरस. आणि इथे एक साधी तांत्रिक गोष्ट आहे जिच्याकडे लोकांचं लक्ष जात नाही. त्या काळी चांगलं पुस्तक म्हणजे गुंडाळी, पण ख्रिस्ती लोकांनी फार लवकर पानं शिवलेली वही वापरायला सुरुवात केली, इंग्रजीत कोडेक्स म्हणतात ती. एका गुंडाळीत लूकचं शुभवर्तमान जेमतेम मावतं. वहीत चारही मावतात. तिसऱ्या शतकातली एक वही सापडलीय तिच्यात चार शुभवर्तमानं आणि प्रेषितांची कृत्ये एकत्र आहेत, आणि २०० सालच्या आसपासची दुसरी एक, तिच्यात पौलाची पत्रं, आणि त्यातच रोमकरांच्या पत्रामागे लगेच इब्री लोकांस पत्र. एकदा वही शिवली की आत काय आणि बाहेर काय हा प्रश्न आपोआप उभा राहतो, गुंडाळ्यांच्या टोपलीत तो कधीच आला नसता.

आता रविवार. रोममध्ये १५० सालानंतर थोड्याच वर्षांत जस्टिन नावाच्या माणसानं सम्राटाला उद्देशून एक निवेदन लिहिलं, आम्ही काही भयंकर लोक नाही आणि आम्ही जमून करतो काय ते सांगणारं. त्यात तो म्हणतो, सूर्याच्या वारी शहरातले आणि खेड्यातले सगळे एका जागी जमतात, प्रेषितांच्या, म्हणजे येशूच्या पहिल्या शिष्यांच्या, आठवणी किंवा जुन्या यहुदी संदेष्ट्यांचे ग्रंथ वाचले जातात, जितका वेळ असेल तितके. मग वाचणारा थांबतो, प्रमुख चार शब्द बोलतो, मग सगळे उठून प्रार्थना करतात. हे 'जितका वेळ असेल तितके' मला फार आवडतं. बसलेल्यांपैकी बहुतेकांना अक्षरओळख नव्हती, त्यांच्यासाठी शास्त्र म्हणजे त्या वाचणाऱ्या माणसाच्या हातात जे असेल ते. आणि बघा, संदेष्टे आणि प्रेषित एकाच दमात, एकाच पंक्तीला आलेत. नायसियाच्या परिषदेच्या पावणेदोनशे वर्षं आधी निम्मं काम इथे झालंय.

मार्सियनचं नाव या विषयात येणारच. काळ्या समुद्राकाठच्या सिनोपे गावचा माणूस, जहाजांचा धंदा, पैसेवाला. १४० च्या सुमाराला रोमला आला आणि मंडळीला २ लाख सेस्टर्स देणगी दिली. त्याचं म्हणणं असं की यहुद्यांचा देव वेगळा, रागीट, न्याय करत बसणारा, आणि येशूचा पिता हा वेगळा, प्रेमळ, आजवर कोणाला माहीतच नसलेला देव, तेव्हा जुने ग्रंथ आपल्याला नकोतच. मग त्यानं स्वतःची यादी केली, लूकचं शुभवर्तमान, तेही यहुदी धाटणीचे भाग गाळून, आणि पौलाची दहा पत्रं. संपलं. १४४ साली रोमच्या मंडळीनं त्याला हाकललं आणि त्याचे २ लाख परत केले, जे कौतुकास्पद आहे, आजकाल देणगी परत करणारी संस्था दाखवा मला. बऱ्याच पुस्तकांत असं लिहितात की मार्सियननं यादी केली म्हणून घाबरून बाकीच्यांनी आपली केली. मला ते जरा फुगवलेलं वाटतं. पौलाच्या पत्रांचा संग्रह त्याच्या आधीपासून फिरत असणार, नाहीतर त्याला मिळाला कुठून? पण यादी हा प्रकार त्यानं लोकांच्या डोळ्यापुढे आणला एवढं खरं.

त्याच्या उलट टोकाला टाटियन. हा जस्टिनचाच शिष्य, १७० च्या आसपास त्यानं चारही शुभवर्तमानं कापून जोडून एकच सलग कथा केली, कारण चार ठिकाणी चार तऱ्हा कशाला. सिरियाच्या भागात हेच पुस्तक चर्चमध्ये वाचलं जायचं, आणि एक-दोन वर्षं नाही, पाचव्या शतकापर्यंत. तिकडचा बिशप थिओडोरेट लिहितो की माझ्या भागात मला याच्या २०० हून जास्त प्रती सापडल्या, त्या काढून मी चार वेगळी शुभवर्तमानं ठेवली. आणि १८० च्या सुमाराला फ्रान्समधल्या लिऑन शहराचा बिशप इरेनियस ठासून सांगतो की शुभवर्तमानं चारच, कमी नाही जास्त नाही, कारण पृथ्वीच्या दिशा चार आणि मुख्य वारे चार. आता हे काही कारण झालं का? पण त्यावरून एवढं कळतं की चारची सवय त्याच्याकडे इतकी पक्की झाली होती की तिला कुठलंही कारण चाललं असतं.

मला या सगळ्यातली सगळ्यात बोलकी गोष्ट वाटते ती सेरापियनची. हा अंत्युखियाचा बिशप, १९० च्या आसपास गादीवर आला. त्याच्या हद्दीत ऱ्होसस नावाचं समुद्रकाठचं गाव होतं. तिथे तो भेटीला गेला तर लोकांत कुरबूर चाललेली, पेत्राचं शुभवर्तमान म्हणून एक पुस्तक आहे ते वाचायचं की नाही यावरून. सेरापियननं ते वाचलेलं नव्हतं. पण पेत्राचं नाव आहे, लोक चांगले दिसतायत, एवढ्याशा गोष्टीवरून कशाला वाकडं घ्यायचं, म्हणाला वाचा. आणि घरी आला. मग कानावर यायला लागलं की त्या पुस्तकाच्या आडून तिथे काही जण भलतंच शिकवतायत, येशूचं शरीर खरं नव्हतंच, नुसता भास होता अशा वळणाचं. तेव्हा त्यानं ते पुस्तक त्याच पंथाच्या लोकांकडून मिळवलं, पूर्ण वाचलं आणि ऱ्होससच्या मंडळीला पत्र लिहिलं की यातलं बरंचसं बरोबर आहे पण काही गोष्टी वरून घातलेल्या आहेत, त्या खाली देतोय. पेत्राला आणि बाकी प्रेषितांना आम्ही ख्रिस्तासारखंच मानतो, पण त्यांच्या नावावर खपवलेलं लिखाण आम्ही ओळखून आहोत, तसलं काही परंपरेनं आमच्याकडे आलेलं नाही.

ही संपूर्ण पद्धत या एका पत्रात आहे बघा. बिशपचा पहिला प्रश्न 'हे यादीत आहे का' हा नव्हता, कारण त्याच्याकडे यादीच नव्हती! आधी चालू दिलं, मग परिणाम बघितला, मग पुस्तक वाचलं, आणि शेवटी एकच सवाल, हे आपल्याकडे वाडवडिलांपासून चालत आलंय का. मजा म्हणजे त्या पुस्तकाचा तुकडा १८८६-८७ च्या हिवाळ्यात इजिप्तमध्ये अखमीमला एका थडग्यात सापडला. त्यात येशू थडग्यातून बाहेर येतो तेव्हा सोबत आभाळाला डोकं टेकलेले दोन पुरुष आहेत, येशूचं डोकं आभाळाच्याही वर गेलंय, आणि मागून क्रूस चालत येतो. वरून आवाज येतो, झोपलेल्यांना उपदेश केलास का? आणि क्रूस उत्तर देतो, हो. मला विचाराल तर नाट्य म्हणून फर्स्टक्लास आहे.

आता सगळ्यात जुनी मानली जाणारी यादी. मुराटोरी नावाच्या इटालियन ग्रंथपालाला मिलानच्या ग्रंथालयातल्या एका हस्तलिखितात ती मिळाली, १७४० साली त्यानं छापली. ८५ ओळी, लॅटिन इतकं भयाण की नकलकाराला आपण काय लिहितोय ते कळत होतं का असा प्रश्न पडतो, आणि सुरुवात फाटलेली, मजकूर एका अर्धवट वाक्यानं सुरू होतो आणि लगेच लूक तिसरा असं म्हणतो. मूळ यादी दुसऱ्या शतकाच्या शेवटची असं जुनं मत, चौथ्या शतकातली असं काहींचं नवं मत, भांडण अजून मिटलेलं नाही, मी जुन्या मताकडे झुकतो. त्यात चार शुभवर्तमानं, प्रेषितांची कृत्ये, पौलाची तेरा पत्रं आहेत. इब्री लोकांस पत्र नाही, याकोबाचं नाही, पेत्राची दोन्ही नाहीत, आणि शलमोनाचं ज्ञान हे जुन्या वळणाचं पुस्तक मात्र या यादीत येऊन बसलंय. योहानाचं प्रकटीकरण, म्हणजे जगाच्या शेवटाच्या दृष्टांतांचं पुस्तक, आहे आणि पेत्राचं प्रकटीकरण म्हणून आणखी एक आहे, त्यापुढे लिहिलंय की आमच्यातल्या काहींना हे चर्चमध्ये वाचलेलं नकोय. म्हणजे बघा, यादी करणारा मतभेदही यादीत लिहून मोकळा.

मग तो हर्मासच्या 'मेंढपाळ' या पुस्तकाकडे येतो. हे त्या काळचं प्रचंड लोकप्रिय पुस्तक, दृष्टांतांचं, बुरुज बांधला जातोय, दगड पारखून लावले जातायत, आणि बाप्तिस्म्यानंतर पाप झालं तरी एक संधी आहे असा दिलासा. इजिप्तच्या वाळूत मिळालेल्या सुरुवातीच्या काळातल्या तुकड्यांत हर्मासच्या प्रती मार्कच्या शुभवर्तमानापेक्षा जास्त आहेत! पण यादीवाला म्हणतो, हे परवा-परवा आपल्या काळात लिहिलंय, हर्मासचा भाऊ पियुस रोमचा बिशप होता तेव्हा, म्हणून हे घरी जरूर वाचा पण चर्चमध्ये लोकांसमोर वाचू नका, ना संदेष्ट्यांत, कारण त्यांची संख्या पुरी झाली, ना प्रेषितांत. पुस्तकात खोट काही नाही, उशिरा आलं एवढंच. आणि पौलाच्या नावावर बनवलेल्या दोन पत्रांबद्दल तो फटकारतो की मधात पित्त कालवणं बरं नव्हे. हे वाचलं की मला आपले एकनाथ आठवतात. शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करून झाल्यावर त्यांनी शेवटी बजावून ठेवलंय की यात जो आपली ओवी घुसडेल त्यानं अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजा. प्रेमानं घातलेलं क्षेपक हे वैऱ्याच्या हल्ल्यापेक्षा जास्त त्रास देतं, हे दोघांनाही माहीत होतं.

प्रेमानं, हे मी मुद्दाम म्हणतोय. कार्थेजचा ख्रिस्ती लेखक टर्टुलियन एक किस्सा देतो, आशिया प्रांतातल्या एका धर्मगुरूनं पौलाच्या नावानं एक पुस्तक रचलं, त्यात थेक्ला नावाच्या तरुणीची गोष्ट आहे जी पौलाचं ऐकून लग्न मोडते, वाघ-सिंहांपुढे उभी राहते आणि स्वतःच स्वतःला बाप्तिस्मा देते. पकडला गेला तेव्हा म्हणाला, पौलावरच्या प्रेमापोटी केलं. त्याला पद सोडावं लागलं. थेक्लाची भक्ती मात्र पुढे शेकडो वर्षं जोरात चालली, तिची क्षेत्रं होती, जत्रा भरायच्या. यादीतून बाहेर गेलं म्हणजे मेलं असं नसतं.

पाठ्यपुस्तकात तीन कसोट्या देतात, लिखाण प्रेषिताचं हवं, शिकवणुकीशी जुळणारं हवं, सगळीकडे वाचलं जाणारं हवं. ठीक आहे, परीक्षेत लिहायला बरं. पण इब्री लोकांस पत्राचा लेखक कोण हे ओरिजेनसारखा विद्वानही 'देवच जाणे' म्हणून सोडून देतो आणि तरी ते आत आलं. तिसऱ्या शतकाच्या मध्यावर अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिशियस प्रकटीकरणाची भाषा तपासून म्हणतो की याचं ग्रीक ओबडधोबड, चुकांनी भरलेलं आहे, योहानाचं शुभवर्तमान लिहिणाऱ्याचं हे लिखाण असूच शकत नाही, आजच्या पीएचडीच्या लेव्हलचं काम आहे ते, आणि तरी तेही आत आलं. कसोट्या मागाहून शोधल्यात.

मग आलं ३०३ साल. सम्राट डायोक्लेशनचं फर्मान निघालं, चर्चच्या इमारती पाडा, शास्त्रं जप्त करून जाळा. आणि पहिल्यांदाच असं झालं की शास्त्र कोणतं हा प्रश्न जिवावरचा झाला. उत्तर आफ्रिकेतल्या सिर्टा शहरात, आजचं अल्जेरियातलं कॉन्स्टंटीन, १९ मे ३०३ रोजी पडलेल्या धाडीचा पंचनामा शब्दशः टिकून आहे. शहराचा अधिकारी मुनाटियस फेलिक्स माणसं घेऊन ख्रिस्ती लोक जमायच्या घरात शिरतो आणि बिशप पौलुसला म्हणतो, तुमची शास्त्रं काढा. बिशप म्हणतो, ती वाचकांकडे, म्हणजे उपासनेत मोठ्यानं वाचायला नेमलेल्यांकडे, असतात, इथे जे आहे ते देतो. मग सामानाची यादी होते, सोन्याचे दोन प्याले, चांदीचे सहा, दिवे, आणि बायकांचे ८२ झगे, बायकांच्या चपलांचे ४७ जोड, हे बहुधा गरिबांना वाटायचं सामान. ग्रंथांच्या खोलीत गेले तर कपाटं रिकामी. एक उपसेवक, म्हणजे चर्चमधला खालच्या पायरीचा सेवेकरी, एकच मोठी वही आणून देतो. फेलिक्स विचारतो, एकच कशी? बाकीची वाचकांकडे. वाचक कोण, कुठे राहतात? दोन उपसेवक म्हणतात, आम्ही दगा देणारे नाही, आम्हाला मारायचं तर मारा. त्यांना अटक.

पण पत्ते मिळतातच, ते कुठे मिळत नाहीत. मग दारोदार. युजिनियसच्या घरून चार वह्या. फेलिक्सकडून पाच, हा दुसरा फेलिक्स, वाचक. व्हिक्टोरिनसकडून आठ. प्रोयेक्टसकडून पाच मोठ्या, दोन लहान. व्हिक्टर हा शिक्षक होता, त्यानं दोन वह्या आणि काही सुटे जुडगे दिले, अधिकारी म्हणाला, तुझ्याकडे जास्त आहेत, तो म्हणाला, असते तर दिले असते. शेवटी कोडिओच्या घरी, तो नव्हता, त्याच्या बायकोनं सहा वह्या काढून दिल्या. आणखी असतील शोध, म्हणून बोस नावाच्या सरकारी गुलामाला आत पाठवलं, त्यानं शोधलं, काही मिळालं नाही.

एका मध्यम शहरात तीसच्या वर वह्या, आणि 'बायबल' म्हणून एक ग्रंथ कुठेच नाही. वाचकांच्या घरी वाटून ठेवलेलं ते शास्त्र. हा पंचनामा आपल्यापर्यंत आला तो पुढे ३२० साली सिर्टातल्याच एका भांडणात पुरावा म्हणून कोर्टात वाचला गेला म्हणून, की तेव्हा गादीवर असलेला बिशप धाडीच्या दिवशी पुस्तकं देणाऱ्यांत उभा होता की नाही. कारण ज्यांनी दिली त्यांच्यावर कायमचा शिक्का बसला, आफ्रिकेतलं चर्च यावरून उभं फाटलं. कार्थेजचा बिशप मेन्सुरियस हुशार निघाला, त्यानं खरी शास्त्रं लपवली आणि चर्चमध्ये पाखंडी लोकांची पुस्तकं ठेवली, शिपाई ती घेऊन खूश होऊन गेले. त्याच्यावरही टीका झालीच. पण हे करायला कोणतं पुस्तक देता येतं आणि कोणतं देता येत नाही हे मनाशी पक्कं लागतं, आणि ३०३ साली ते बऱ्यापैकी पक्कं होतं. नायसियाला अजून २२ वर्षं होती.

पुढचं पटकन सांगतो. चर्चचा इतिहास लिहिणारा युसेबियस ढीग पाडून ठेवतो, सगळ्यांना मान्य, वादातली, बनावट. याकोब, यहूदा, पेत्राचं दुसरं, योहानाचं दुसरं-तिसरं ही वादातली पण बऱ्याच जणांना माहीत असलेली. आणि प्रकटीकरण? ते तो मान्य यादीत घालतो 'योग्य वाटल्यास' म्हणून आणि बनावट यादीतही घालतो 'योग्य वाटल्यास' म्हणून. सरकारी फाइलला शोभेल असा शेरा. ३३१ च्या सुमाराला कॉन्स्टंटाइननं याच युसेबियसला नव्या राजधानीतल्या चर्चांसाठी ५० प्रती करायला सांगितल्या, चांगल्या चामड्यावर, वाचायला सोप्या, आणायला सरकारी गाड्या. त्या प्रतींत नेमकी कोणती पुस्तकं होती याची यादी मात्र त्या पत्रात नाही. राजाला प्रतींची घाई होती.

आज आहेत तीच २७ पुस्तकं, एक कमी नाही एक जास्त नाही, अशी यादी पहिल्यांदा दिसते ३६७ साली. अलेक्झांड्रियाचा बिशप दरवर्षी इजिप्तभर पत्र पाठवायचा, यंदा ईस्टर अमुक तारखेला. अथनेशियसच्या ३९ व्या पत्रात तारखेसोबत ही यादी आली. पाच वेळा हद्दपारी भोगलेला, कोणाला न जुमानणारा माणूस, त्याची भाषाही तशीच आहे, हे तारणाचे झरे, यात कोणी भर घालू नये, यातून काढू नये. पण तोही हर्मास फेकत नाही, नव्यानं येणाऱ्यांना शिकवायला ठेवतो. १९४५ साली नाग हम्मादीजवळ मडक्यात पुरलेल्या १३ वह्या मिळाल्या, थॉमसचं शुभवर्तमान त्यातच आहे, त्या याच पत्रामुळे मठातल्या कोणीतरी पुरल्या असाव्यात असा एक तर्क आहे. आकर्षक आहे, पण तर्कच.

३९३ ला हिप्पो, ३९७ ला कार्थेज, आफ्रिकेतल्या परिषदांनी तीच २७ नोंदवली, वर समुद्रापलीकडच्या चर्चचाही सल्ला घ्यावा असंही लिहिलं. ४१४ साली बायबलचं लॅटिन भाषांतर करणारा जेरोम एका पत्रात म्हणतो, लॅटिनवाले इब्री लोकांस पत्र घ्यायला कां कूं करतात, ग्रीकवाले प्रकटीकरण, आम्ही दोन्ही घेतो कारण जुन्या लोकांनी वापरलंय. वापर, परत तेच.

आणि तरी संपलं नाही. लंडनमधलं चौथ्या शतकातलं कोडेक्स सिनायटिकस हे हस्तलिखित बायबल उघडलं तर प्रकटीकरणानंतर बर्नबाचं पत्र आणि हर्मास आहे. इथिओपियाच्या चर्चचं बायबल ८१ पुस्तकांचं, त्यात हनोखाचं पुस्तक आहे. जर्मन धर्मसुधारक ल्यूथरनं १५२२ मध्ये इब्री, याकोब, यहूदा आणि प्रकटीकरण ही चार पुस्तकं पार शेवटी ढकलली, अनुक्रमणिकेत त्यांना नंबरही दिला नाही, याकोबाच्या पत्राला पेंढ्याचं पत्र म्हणाला. त्याला उत्तर म्हणून एप्रिल १५४६ मध्ये ट्रेंटच्या परिषदेत कॅथलिकांनी यादीवर खरोखरचं मतदान घेतलं, २४ बाजूनं, १५ विरुद्ध, १६ तटस्थ. म्हणजे फॉरवर्डमधलं मतदान झालं, फक्त १२०० वर्षं उशिरा. जुन्या करारातली सात पुस्तकं, तोबित, यहूदीथ, मक्काबी वगैरे, तिथे पक्की झाली आणि प्रोटेस्टंटांनी ती सोडली, म्हणून आज वसईच्या कॅथलिक घरातलं मराठी बायबल ७३ पुस्तकांचं आणि नगरच्या प्रोटेस्टंट घरातलं ६६ चं. नवा करार दोघांचा तोच, २७.

तो तरी सगळ्यांचा तोच आहे का? सिरियाक भाषेतल्या जुन्या बायबलात नव्या कराराची पुस्तकं २२ च, पेत्राचं दुसरं, योहानाचं दुसरं-तिसरं, यहूदाचं पत्र आणि प्रकटीकरण नाही. आणि हे बायबल केरळात होतं, कारण तिथल्या थॉमस ख्रिस्ती लोकांची उपासना सिरियाकमध्ये चालायची, त्यांचे बिशप तिकडून यायचे. जून १५९९ मध्ये गोव्याचा आर्चबिशप आलेशो द मेनेझिस कोचीजवळ उदयंपेरूरला गेला, तिथे त्यानं परिषद भरवली आणि तिच्या ठरावांत या लोकांच्या पुस्तकांत काय काय कमी आहे त्याची नोंद केली, हीच पाच, आणि ती भरून काढायचा हुकूम झाला. त्या लोकांनी काही ही पुस्तकं काढून टाकलेली नव्हती, त्यांच्याकडे ती कधी वाचलीच जात नव्हती. सिरियाकच्या पूर्वेकडच्या शाखेनं, ज्यांना पूर्वेचं चर्च म्हणतात, पुढे छापील बायबलात ती पाच पुस्तकं येऊ दिली, पण त्यांच्या रविवारच्या वाचनांच्या नेमणुकीत अजूनही त्यातला एकही उतारा नाही.